झाडांना पाणी कुणी घालायचं?

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ आर. रघुराम आणि त्यांचे सहकारी एका देवळात गेले, ते मोजमाप करायला. तमिळनाडूतल्या एका खेड्यात मुथुस्वामींचं हे देऊळ आहे. मनाचा गंभीर आजार जडलेली माणसं घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन तिथे येत आणि देवळातच मुक्काम करत. संशोधकांनी अशा ३१ जणांची पाहणी केली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता आणि मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा होता. दवाखान्यात लक्षणं मोजायला जी श्रेणी वापरतात, तीच येताना आणि जाताना वापरली. गुण जवळजवळ वीस टक्क्यांनी उतरले होते. हा अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला.

त्या देवळात या मंडळींसाठी खास असा कुठलाही विधी नव्हता. रोजच्या पूजेला बसायचं आणि मग हलकी कामं करायची. आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं.

या निष्कर्षावर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, माणसं मोजकी होती. शिवाय हा आजार आपसूकही चढतो-उतरतो. तो शिगेला असताना देवळात नेलेला माणूस सहा आठवड्यांनी थोडा निवळलेला दिसणारच, असंही म्हणता येतं. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो वैद्यकशास्त्रापेक्षा जुना आहे. त्या माणसांना कशानं बरं वाटलं? देवाच्या सान्निध्यानं? घरच्या धुसफुशीपासून लांब आल्यानं? शेजारी आपल्यासारखंच कुणीतरी निजलं आहे या जाणिवेनं? की कितीतरी दिवसांनी कुणीतरी विश्वासानं हातात बादली दिली, त्यानं?

अशी सोबत आणि असं काम शहरात कुठे मिळेल, हे हेब्बाळमध्ये बसून विचारलं तर उत्तर किलोमीटरमध्येही द्यावं लागतं. बंगळुरूच्या उत्तर बाजूला बळ्ळारी रस्ता आणि आउटर रिंग रोड जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हेब्बाळचा उड्डाणपूल आहे. विमानतळाकडे निघालेली गर्दी त्यावरूनच जाते. रिंग रोडनं थोडं पुढे नागवाऱ्याला मान्यता टेक पार्क. तिथल्या नोकऱ्यांमागोमाग पुण्याची, नागपूरची, बेळगावची मराठी कुटुंबंही या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये राहायला आली आहेत. निम्हान्स शहराच्या दुसऱ्या अंगाला, होसूर रस्त्यावर, सुमारे पंधरा किलोमीटर लांब. मोठ्या आजारातून सावरणारा माणूस महिन्यातून एकदा गोळ्या लिहून घ्यायला एवढं अंतर जाऊ शकतो. पण सोबतीसाठी आणि कामासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, तेही रोज, या रहदारीतून, दुपारपर्यंत पेंग आणणाऱ्या औषधांवर, हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत. निदान त्यांच्या वाटेतली पैशांची अडचण तरी दूर झाली. वेळेची आणि धक्क्यांची तशीच आहे. म्हणून सावरणाऱ्या माणसांचा रोजचा गट चालवायचा असेल तर तो त्यांच्या वस्तीतच हवा, चालत किंवा एका बसनं गाठता येईल असा.

असा गट लागतो तरी कशाला? रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाचा पहिला महिना ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना याचं उत्तर ठाऊक असतं. औषधानं आवाज मंदावतात, संशय ओसरतो, झोप परत येते. पण दिवस तसाच पुढ्यात पडलेला असतो. सकाळी नऊला घरातली कमावती माणसं बाहेर पडतात. आई-वडील असले तर ते थकलेले, आणि परक्या गावात भाषेवाचून अडलेले. सोसायटीच्या वॉचमनखेरीज दिवसभरात कुणाशी बोलायचं? पलंग, खिडकी, टीव्ही, पुन्हा पलंग. या रिकाम्या दिवसात जुना आजार हलक्या पावलांनी परत येतो, आणि कुटुंब म्हणतं, गोळ्या तर वेळेवर चालू होत्या.

दिवसभराचा गट या रिकाम्या वेळेवर काम करतो. त्याची रीत साधी आहे. सकाळी सगळे गोल करून बसतात. रात्र कशी गेली, आज कुणाला काय जमेल, काल कुणाचं कुणाशी बिनसलं, हे बोललं जातं. मग काम: स्वयंपाक, बाग, शिवण, कागदाच्या पिशव्या, हिशेब. दुपारी एकत्र जेवण. नंतर गटचर्चा, कधी गाणं, कधी खेळ. चारच्या सुमाराला निरोप. समुपदेशक, समाजकार्यकर्ते, काही ठिकाणी व्यवसायोपचारतज्ज्ञ हजर असतात, पण चांगल्या गटात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा नसतो. नियमही गटच ठरवतो. उशिरा येणाऱ्याला दरडावायचं नाही, मात्र उशीर का झाला हे सगळ्यांसमोर विचारायचं. कुणी दोन दिवस आलं नाही तर फोन करायचा, आणि तो फोन शक्यतो दुसऱ्या सदस्यानंच करायचा.

या शेवटच्या गोष्टीत सगळं सार आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. माणूस सावरतो तो केवळ त्याची काळजी घेतली जाते म्हणून नव्हे. कुणाला तरी त्याची गरज लागते, हेही तितकंच मोठं औषध आहे. आणि इथेच वैद्यकाचा विषय धर्माच्या अंगणात जातो. सेवा हा शब्द प्रत्येक धर्मात मोठा आहे, पण सेवा करायची कुणी आणि कुणाची, हे मात्र आधीच ठरून गेलेलं असतं.

आपल्याकडे दानधर्माची परंपरा जुनी आणि जिवंत आहे. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध, वेड्याला आसरा. या सगळ्यात घेणारा कायम घेणाराच राहतो आणि पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं. दहा-वीस वर्षं अशी ‘सेवा’ घेतलेल्या माणसाला हळूहळू पटत जातं की आपल्याजवळ देण्यासारखं काहीच नाही. मनाच्या आजाराचं हे फार मोठं नुकसान आहे, आणि ते करण्यात आजाराइतकाच प्रेमळ माणसांचाही हात असतो. आई ताट हातात आणून देते, बहीण बँकेचं काम उरकून टाकते, भाऊ म्हणतो, तू फक्त आराम कर. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण चहासुद्धा स्वतः करून न प्यायलेला माणूस स्वतःकडे कुठल्या नजरेनं पाहील?

बौद्ध परंपरेत पटाचारेची कथा आहे. थेरीगाथेवरच्या अट्ठकथेत ती सविस्तर येते. श्रावस्तीची ही तरुणी एका दिवस-रात्रीत सगळं गमावते. नवरा सर्पदंशानं जातो, एक मूल ससाणा उचलून नेतो, दुसरं नदीत वाहून जातं, आई-वडील आणि भाऊ वादळात घर कोसळून मरतात. तिचं भान सुटतं. वस्त्रांचीही शुद्ध न राहिलेली ती भटकत असताना लोक तिला हाकलतात. बुद्ध उपदेश करत असतात त्या जेतवनाकडे ती येते तेव्हा श्रोते तिला अडवू पाहतात. बुद्ध म्हणतात, तिला येऊ द्या. ते तिला भगिनी म्हणून हाक मारतात, भानावर ये म्हणतात, आणि सभेतला कुणीतरी आपलं उपरणं तिच्याकडे टाकतो. ही कथा सांगणारे पुष्कळदा इथेच थांबतात, करुणेचं चित्र पुरं झालं म्हणून. खरं महत्त्वाचं त्यानंतर घडतं. पटाचारा संघात राहते, विनयात, म्हणजे संघाच्या नियमांच्या जाणकारीत, अग्रगण्य ठरते, आणि मुलं गमावलेल्या कितीतरी बायका पुढे तिच्याकडे येतात. त्यांना धीर देणारी तीच असते. उपरणं मिळालेली बाई उपरणं देणारी होते. संघ नसता तर हे घडलं नसतं. उपदेश एका भेटीत करता येतो, पण दुसऱ्यांच्या उपयोगी पडायला रोज जायची जागा लागते.

महाराष्ट्राला याहून जवळचं उदाहरण ऋद्धिपूरचं आहे. आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या या गावी तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राउळ, राहत होते. महानुभाव त्यांना चक्रधरांचे गुरू आणि परमेश्वराचा अवतार मानतात. त्यांच्या लीळा जुन्या मराठीत नोंदलेल्या आहेत. त्या वाचताना दिसतो तो लहरी, हट्टी, कुणाच्याही घरात शिरणारा, मध्येच हसणारा, मध्येच रागावणारा, स्वतःशी बोलणारा पुरुष. गावानं त्यांना वेडंही म्हटलं आणि देवही म्हटलं. महत्त्वाचं हे की गावानं त्यांना सांभाळलं. घरोघरी त्यांना खाऊ घातलं, त्यांच्याकडे गाऱ्हाणी नेली, त्यांना आपल्या दिवसात सामावून घेतलं.

या कथेचा मोह सहज पडतो. जुना समाज उदार होता, वेडातही देव पाहत होता, आपणच निष्ठुर झालो, असं म्हणून मोकळं होता येतं. ते खरं नाही. ऋद्धिपूरनं गुंडम राउळांना जागा दिली ती त्यांच्यात ईश्वर दिसला म्हणून. ज्यांच्यात तो कुणाला दिसला नाही, अशा किती वेड्या स्त्री-पुरुषांची लीळाचरित्रं लिहिली गेली? अवतारासाठी जागा करणं भक्तीला जमतं. स्किझोफ्रेनिया झालेल्या, कुठलाही चमत्कार न करणाऱ्या, गोळ्यांनी वजन वाढलेल्या, अडखळत बोलणाऱ्या एका साध्या माणसासाठी जागा करायला त्याहून अवघड श्रद्धा लागते. दिवसाच्या गटाला तीच श्रद्धा लागते.

अशा गटाचा एक धागा धर्माशी जुळलेला आहे, हे इतिहासही सांगतो. इंग्लंडमध्ये १७९६ साली यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी ‘रिट्रीट’ सुरू केलं. साखळ्या बाजूला ठेवून काम, बाग आणि सभ्य वागणूक यांवर तिथे भर होता. बेल्जियममधल्या गील गावात संत डिंफनाच्या दर्शनाला आलेली मनोरुग्ण माणसं मध्ययुगापासून गावकऱ्यांच्या घरी राहत आली. शेतावर आणि चुलीपाशी ती घरच्यांच्या बरोबरीनं राबत. १९३०च्या दशकात अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली होती. २०२३ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची दखल घेतली. एली जॅन्सन ही डच तरुणी इंग्लंडला गेली होती ईश्वरशास्त्र शिकायला. १९५९ मध्ये तिनं रिचमंड इथे मनोरुग्णांबरोबर राहण्यासाठी घर उघडलं. त्यातून निघालेली रिचमंड फेलोशिप सोसायटी भारतात १९८६ मध्ये स्थापन झाली, आणि बंगळुरूत तिची निवासी घरं आणि दिवसकेंद्र उभं राहिलं. याच शहरात १९७०च्या दशकात मेडिको पास्टोरल असोसिएशननं रुग्णालय आणि घर यांच्यामधलं निवासस्थान चालवलं. संस्थेच्या नावातच डॉक्टर आणि धर्मोपदेशक एकत्र आहेत. त्या दशकाच्या अखेरीस हँक नन या जेझुइट धर्मगुरूंनी आत्मशक्ती विद्यालय सुरू केलं. तिथे उपचाराचं मुख्य साधन होता तिथला समुदायच.

दुसरा धागा युद्धाचा आहे. १९४०च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मन खचलेल्या सैनिकांचे गट बांधले गेले. तिथल्या अनुभवावर १९४६ मध्ये टॉम मेन यांनी ‘उपचारक समुदाय’ ही कल्पना मांडली. त्याच वर्षी जोशुआ बीअरर यांनी लंडनमध्ये दिवसाचं रुग्णालय उघडलं. न्यूयॉर्कमध्ये राज्य मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही जणांनी एकमेकांना धरून ठेवलं, आणि १९४८ मध्ये त्यातून फाउंटन हाऊस उभं राहिलं. तिथे कुणाला रुग्ण म्हणत नाहीत. सगळे सदस्य असतात, आणि स्वयंपाकघरापासून कचेरीपर्यंत घर तेच चालवतात.

बंगळुरूला या सगळ्याची ओळख नवी नाही. निम्हान्सच्या पुनर्वसन विभागात बेकरी, शिवणकाम, छपाई, चटया, मेणबत्त्या, बागकाम अशी दालनं वर्षानुवर्षं चालली. आवारात सावरणाऱ्या माणसांनी चालवलेला ‘रोझेस’ नावाचा कॅफेही सुरू झाला. पाव विकत घेणाऱ्याला तो कुणी भाजला याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला पाव ताजा हवा असतो. भाजणाऱ्यासाठी हीच मोठी गोष्ट आहे. निदान त्या व्यवहारापुरता तो कुणाच्या दयेचा विषय नसतो.

मराठी मुलखातही हे काम मुळं धरून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेत ‘त्रिदल’ हा स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्यांचा गट आहे. आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची रीत महाराष्ट्रातल्या अशा गटांमध्ये रुळली आहे. पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं. ते मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. घरातल्या आजारानं त्यांना या कामाकडे आणलं. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट निघाला त्यामागेही त्यांचं पाठबळ होतं. संस्थेनं धायरीत दिवसाचं पुनर्वसन केंद्र चालवलं आणि शुभंकरांचे आधारगटही बांधले. डॉ. वाणींनी नुसती देणगी पाठवून काम भागवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी आजाराबद्दल उघड बोलायचं ठरवलं, आणि शेकडो घरांतलं गप्प बसणं त्यामुळे सैल झालं.

गप्प बसण्यामागे बहुतेक वेळा धर्माचीच समजूत असते. हे मागच्या जन्मीचं आहे, घराण्याला दोष आहे, कुणीतरी केलं आहे. कर्मविपाकाच्या कल्पनेनं काही माणसांना दुःख सोसायचं बळ दिलं असेल. पण आजारी माणसाच्या तोंडावर ती फेकली की तिचा आरोप होतो. हाच प्रकार गीतेच्या सहाव्या अध्यायाचा. माणसानं स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू, ही तिथली शिकवण. निरोगी माणसाला ती उभारी देते. पण स्किझोफ्रेनियात इच्छाशक्तीच आजारी पडते. अंथरुणातून न उठणं, आंघोळ टाळणं, तासन्‌तास भिंतीकडे पाहणं ही त्या आजाराची लक्षणं आहेत, आणि भास-भ्रमांपेक्षा ती औषधाला कमी दाद देतात. अशा माणसाला ‘मनात आणलं तर जमेल’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणणं. ज्यानं उठायचं तोच मन हरवून बसला असेल तर आत्मोद्धाराचं काय करायचं?

वारकरी परंपरेनं या अडचणीवर एक उत्तर केव्हाच काढलं आहे, जरी ते या आजारासाठी नव्हतं. पंढरीची वाट एकट्यानं चालायची नाही, दिंडीत चालायची. दिंडीला ठरलेली वेळ आहे, ठरलेला मुक्काम आहे, प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही काम आहे: कुणाकडे वीणा, कुणाकडे तुळस, कुणाकडे चूल. भेटेल तो माउली, आणि पाया पडणं दोन्हीकडून. स्वतःच्या बळावर पाऊल उचलवेना झालं तरी दिंडीची चाल माणसाला पुढे नेते. दिवसाच्या गटात सकाळी दहाला जे घडतं ते याच जातीचं आहे. आज मन नाही, पण पोळ्या लाटायची पाळी आपली आहे आणि बाकीचे वाट पाहतील, एवढ्यावर माणूस चपला घालतो. इच्छा नंतर येते. पुष्कळदा येते, नेहमी येत नाही.

म्हणून देवळातला मुक्काम आणि दिवसाचा गट एकच, असं मात्र कुणी समजू नये. माणसं एकत्र आणली की आपोआप बरं होतं, हे तर मुळीच खरं नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्याच एरवाडीला, प्रसिद्ध दर्ग्याभोवती उभ्या राहिलेल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. तिथेही श्रद्धा होती, समूह होता, एकाच छपराखाली झोपणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी घातली आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारण्याला गुन्हा ठरवतो. एरवाडीत आणि चांगल्या दिवसकेंद्रात सगळ्यांत मोठा फरक दाराचा आहे. केंद्रातून माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी बाहेर पडतो, उद्या यायचं की नाही हे त्याच्या हाती असतं, आणि तो स्वतःहून परत येतो यातच गटाची परीक्षा होते.

धर्माच्या भाषेचंही भान गटाला ठेवावं लागतं. कुणाला भास होतो तो देवाच्याच आवाजाचा. कुणाला वाटतं की आपणच कल्की आहोत, किंवा आपल्या पापामुळे घर बुडालं. अशा माणसाच्या शेजारी बसून सगळ्यांनी भजन म्हटलं तर त्याचं मन शांत होईल की पेटेल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय शहरातल्या गटात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, काहीच न मानणारे, सगळे असतात. अनुभवी गट इथे वाद घालत नाहीत आणि दुजोराही देत नाहीत. तुला ऐकू येतं ते तुला खरंच ऐकू येतं, मला येत नाही, आणि आता आपल्याला भाजी निवडायची आहे, एवढं बोलून पुढे जातात. यात एक सहिष्णुता आहे, जी मोठमोठ्या धर्मपरिषदांनाही नेहमी साधलेली नाही.

मोजमापाच्या कसोटीवर या सगळ्याचं काय होतं? साताऱ्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीच्या घरातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांची परिवर्तन संस्था यांच्या कामाच्या मुलखात, शिवाय गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून एक मोठी चाचणी झाली. ‘लॅन्सेट’नं ती २०१४ मध्ये छापली. स्किझोफ्रेनिया असलेले २८२ जण. काहींना फक्त दवाखान्यातली सेवा, तर काहींना तिच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी आणि वस्तीत दिलेला आधार. दुसऱ्या गटाची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अक्षमता थोडी अधिक कमी झाली. थोडीच. समाजाकडून मिळणाऱ्या हेटाळणीत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. हा निकाल निराश होण्यासारखा नाही, पण तो नीट वाचायला हवा. आजारी माणसाबरोबर काम केलं तर तो माणूस बदलतो. शेजारी बदलायचे असतील तर शेजाऱ्यांबरोबर काम करावं लागतं. शेजारच्याच इमारतीतला गट हे काम न बोलता करू शकतो, कारण तिथली माणसं रोज डोळ्यांसमोरून जातात, दुकानात सुट्टे पैसे देतात, पावसात त्याच छपराखाली थांबतात.

गरज किती आहे हे निम्हान्सनंच केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानं दाखवलं. देशातल्या बारा राज्यांत पाहणी झाली, आणि वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं आढळलं. निम्हान्सनं १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून मनोविकारांवर उपचार देण्याचा प्रयोग केला होता. १९९६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पातळीवरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवर आखला गेला. कर्नाटकानं पुढे ‘मानसधारा’ नावाची दिवसकेंद्रंही आणली. बंगळुरूसारख्या अफाट शहराला मात्र जिल्ह्यामागे एक-दोन केंद्रांनी काय होणार? शहरातलं घरभाडं पाहता स्वयंसेवी संस्थांना प्रत्येक उपनगरात जागा घेणं परवडणारं नाही.

जागा आहेत, त्या धर्माकडे आहेत. हेब्बाळच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये, बंगळुरूच्या कुठल्याही भागात असतात तशी, देवळांची सभागृहं आहेत, चर्चचे हॉल आहेत, मठ आहेत, मदरशांच्या खोल्या आहेत. सकाळची आरती आटोपल्यापासून संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत त्यांतल्या पुष्कळ जागा रिकाम्या असतात, आणि नेमके तेच तास दिवसाच्या गटाला लागतात. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात मनोविकारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच बसू लागले; मुजावर आणि डॉक्टर एकमेकांकडे माणसं पाठवू लागले. देवस्थानाच्या विश्वस्तांना यासाठी श्रद्धा बदलावी लागत नाही. आठवड्याचे पाच दिवस, दहा ते चार, सभागृह उघडून द्यायचं. पंखे, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह असलं पाहिजे. कुणाचाही धर्म विचारायचा नाही, कुणाला प्रसादाची सक्ती करायची नाही. जवळच्या रुग्णालयाशी लेखी बोलणी हवीत, म्हणजे एखाद्याची प्रकृती अचानक बिघडली तर कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं असेल. गोळ्या बंद करायचा सल्ला द्यायला मात्र पुजाऱ्यापासून स्वयंसेवकापर्यंत सगळ्यांनाच सक्त मनाई. आणि उत्सवाच्या दिवसांत पंगत वाढायला, रांग लावायला, चपला सांभाळायला माणसं लागतील, तेव्हा ती याच गटातून घ्यायची. इतर स्वयंसेवकांच्या यादीत त्यांची नावं तशीच लिहायची, नावापुढे कुठलाही शेरा न मारता.